भार : माहीत नाही

गेला महिनाभर आमच्या मुलुंडच्या बागेतल्या कठड्यावर एकच वाद चाललाय. निमित्त माझ्या भाचेजावयाचं. त्याने बँकेच्या लिलावात भांडुप पश्चिमेला वन बीएचके घेतला, ८१ लाखांना. त्या गल्लीत तसंच घर ९३-९४ ला जातं. सगळे पैसे भरले, विक्रीचा दाखला हातात आला आणि तो सोसायटीच्या ऑफिसात गेला. सेक्रेटरींनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग एक कागद दिला. आधीच्या मालकाची साडेसहा वर्षांची थकबाकी, २१ टक्के व्याज धरून ४ लाख १२ हजार. वर चौथ्या मजल्यावर गेला तर दार उघडंच. आत आधीच्या मालकाची आत्या. म्हणाली, "मी भाड्याने राहते बाळा, पावत्या आहेत माझ्याकडे." संध्याकाळी त्याचा मला फोन आला. "मामा, तुम्ही तर बँकेत होतात. हे त्यांना माहीत नव्हतं का हो?" आधी का नाही विचारलंस, असं मी त्याला म्हटलं नाही. स्वस्तात मिळणाऱ्या गोष्टीबद्दल व्यवहार पुरा होईपर्यंत आपण सगळेच गप्प असतो.

कठड्यावर यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, बारा लाख वाचवायला गेला ना, मग आता भोगा. लिलावातलं घर म्हणजे झाकलेलं ताट, त्यात पुरणपोळी निघेल नाहीतर शिळी भाकरी. दुसरा म्हणतो, बँका चोर आहेत, गरिबाला लुटून घर काढून घेतात आणि दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही मुद्द्याला बगल देतात. पहिल्याला वाटतं प्रश्न किमतीचा आहे, दुसऱ्याला वाटतं दानतीचा. मला विचाराल तर प्रश्न त्या फोनमधलाच आहे: माहीत नव्हतं का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जप्तीतलं घर विकताना बँकेने घराची हमी देऊ नये. ती देऊच शकत नाही. पण आपल्या फायलीत जे आहे ते बोली लावणाऱ्यापुढे ठेवलंच पाहिजे, आणि फायलीत नाही पण एक पत्र टाकलं की कळेल, अशा गोष्टीसाठी ते पत्र टाकलंच पाहिजे. हे मी बाहेर उभा राहून बोलत नाही. बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ वसुली विभागात. ‘भार’ म्हणजे घराला चिकटलेली देणी आणि त्यावरचे दुसऱ्यांचे हक्क; लिलावाच्या नोटिशीत ‘भार : माहीत नाही’ हे शब्द माझ्या सहीखाली किती वेळा छापून आले याचा हिशेब मी ठेवलेला नाही, तो ठेवण्याची हिंमतही नव्हती.

ज्यांनी ती नोटीस कधी नीट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुंबईतल्या काही दैनिकांत अशा नोटिसांनी पानंच्या पानं भरलेली असतात. सुरुवात ‘तमाम जनतेस’ अशी राजेशाही. मग मालमत्तेचं वर्णन: चौथ्या मजल्यावरचा चारशे चौरस फुटांचा फ्लॅट, पण चतुःसीमा अशा दिलेल्या की जणू बांधावरचं शेतच विकायला काढलंय, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस इमारत, दक्षिणेस मोकळी जागा. मग राखीव किंमत, बयाणा रक्कम, पाहणीची तारीख. आणि मग तो मंत्र: ‘जसे आहे जेथे आहे’, ‘जे आहे जसे आहे’, ‘जे काही आहे तेथे आहे’. इंग्रजी शब्दावर मराठी शब्द ठेवून बनवलेलं हे वाक्य कोणाच्या घरी बोललं जातं कोण जाणे. त्याच्या तिसऱ्या तुकड्याचा अर्थ मी आजवर कोणालाही समजावून देऊ शकलेलो नाही, स्वतःला धरून. तो मंत्र एकदा म्हटला की बँकेची जबाबदारी संपली असं बँक समजते, खरेदीदार समजतो आणि कठड्यावरचा पहिला पक्षही समजतो.

कायदा तसं समजत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊन विकायचा अधिकार दिला. साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग विक्री. एवढा मोठा अधिकार देताना त्याच वर्षीच्या नियमांत विक्रीच्या नोटिशीत काय असावं तेही लिहिलं. बँकेला माहीत असलेला भार सांगायचा. आणि त्याशिवाय, मालमत्तेचं स्वरूप आणि मोल जोखायला खरेदीदाराला जे कळणं महत्त्वाचं आहे असं बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला वाटतं, तेही सांगायचं. ही भाषा नवी नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कोर्टाच्या लिलावासाठी जवळजवळ याच शब्दांत हे बंधन आहे. म्हणजे ढोल वाजवून जप्तीची दवंडी पिटायच्या काळापासून कायद्याची अपेक्षा एकच आहे. ‘जसं आहे तसं’ विका, पण कसं आहे ते सांगा.

मग अडलं कुठे? अडलं ‘माहीत असलेला’ या दोन शब्दांत. माहीत असेल ते सांगायचं, तर सोपा मार्ग कोणता? माहीतच करून न घेणं. नोकरीच्या उत्तरार्धात एकदा घाटकोपरच्या एका फ्लॅटची नोटीस तयार करत होतो. सोसायटीला थकबाकी विचारणाऱ्या पत्राचा मसुदा मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर चहाचा कप ठेवला. म्हणाले, "अहो, पत्र पाठवाल तर उत्तर येईल. उत्तर आलं तर छापावं लागेल. छापलं तर बोली कोण लावणार?" साहेब वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यावर मार्चअखेरचं वसुलीचं टार्गेट होतं. मी कपाखालून कागद काढून घेतला, त्यावर गोल डाग पडला होता, आणि फाडून टाकला. ही सबब म्हणून सांगत नाही, घडलं तसं सांगतोय. ‘भार : माहीत नाही’ हे वाक्य त्या दिवशी खरंच होतं, कारण ते खरं राहील याची आम्ही नीट काळजी घेतली होती.

आता बँकेच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं जे वजनदार आहे ते मान्य करायला हवं, नाहीतर आपणही कठड्यावरचेच. बँक त्या घरात कधी राहिलेली नसते. बाथरूमची गळती खालच्या मजल्यावर जाते का, पावसाळ्यात भिंतीला ओल येते का, वरच्या मजल्यावरचा माणूस रात्री दोनला मिक्सर लावतो का, हे तिला कसं कळणार? घरमालक स्वतः घर विकतो तेव्हा या गोष्टी तो जाणूनबुजून लपवू शकतो. बँकेला लपवायलाच काही नसतं. कॅलिफोर्नियाचा दाखला काही जण देतात, तो खरा आहे. तिथे साध्या विक्रेत्याला घराच्या दोषांचा छापील तक्ता भरून द्यावा लागतो, जप्तीतलं घर विकणाऱ्या बँकेला त्यातून सूट आहे. सूट का, तर याच कारणाने. पण तिथेही सूट आहे ती तक्ता भरण्यापुरती. ठाऊक असलेली मोठी गोष्ट गिळून बसायची नाही.

आणि आपल्याकडे बँकेला काय ठाऊक असतं? कर्ज देताना तिने त्या घराची कुंडली मांडलेली असते. पॅनेलवरच्या वकिलाने मालकीची कागदपत्रं तपासून दिलेला सर्च रिपोर्ट, त्यात इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला पालिकेची परवानगी, आहे की नाही. व्हॅल्युअरचा अहवाल, त्यात इमारतीचं वय, मंजूर नकाशापेक्षा वेगळं काय बांधलंय, बाल्कनी आत घेतली आहे का. सोसायटीचं ना-हरकत पत्र. कर्ज थकल्यावर पुन्हा एक मूल्यांकन, कारण त्याशिवाय राखीव किंमत ठरत नाही. आणि सगळ्यात बोलका कागद म्हणजे वसुलीच्या माणसांचे भेटीचे अहवाल. अमुक तारखेला गेलो, दार कोणी उघडलं, कर्जदार कुठे गेल्याचं सांगितलं, शेजारी काय म्हणाले. अशा अहवालांच्या चळती मी वाचल्या आहेत. त्यांत माणसांची चाल, वेळ, कधी कधी स्वयंपाकाचा वास सुद्धा येतो. घर गहाण घेताना वीस कागद मागणारी बँक तेच घर विकताना एकाएकी आंधळी, बहिरी आणि निरक्षर होते, हे कोणाला पटावं?

दुसरा मुद्दा किमतीचा. लिलावात घर स्वस्त मिळतं ते धोक्यापोटीच. धोका सांगून टाकला तर सूट कशाची? ऐकायला हे चोख वाटतं. पण धोक्याचा भाव लावायला धोका किती ते कळावं लागतं. सोसायटीची बाकी चार लाख आहे हे कळलं तर मी चार लाखांनी कमी बोली लावीन. चाळीस हजार असू शकते आणि चौदा लाखही असू शकते, असं असेल तर मी एकतर बोलीच लावणार नाही किंवा डोळे मिटून लावीन. याला सूट म्हणत नाहीत, मटका म्हणतात. आणि या मटक्यात सगळ्यांचे डोळे सारखे मिटलेले नसतात. लिलावांत सारखे दिसणारे चार-पाच चेहरे प्रत्येक बँकेला ठाऊक असतात. त्यांचा सोसायटीच्या वॉचमनशी परिचय असतो, बँकेतल्या एखाद्या शिपायाशी चहापाणी असतं. त्यांना थकबाकी कळते, भाडेकरू कळतो, ताबा किती महिन्यांत मिळेल तेही कळतं. कळत नाही ते फक्त पहिल्यांदा घर घेणाऱ्या नोकरदाराला. म्हणजे बँकेच्या मौनाने जी सूट तयार होते ती त्या चार-पाच जणांच्या खिशात जाते.

"पाहणीची तारीख दिलेली असते की! जाऊन बघायचं." हे वाक्य मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूने अनेकदा म्हटलंय. बहुतेक नोटिशींत ताबा ‘सांकेतिक’ असतो. म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली, तिचा फोटो काढला, पेपरात जाहिरात दिली. आत माणूस राहतोच आहे. अशा घराची पाहणी म्हणजे काय? दाराची पाहणी. फार तर जिन्यात उभं राहून बेल वाजवायची आणि आतून कोणी उघडलंच तर त्याला सांगायचं, "तुमचं घर विकायला निघालंय, जरा संडास बघू का?" पंधरा वर्षं त्या दारामागे राहिलेल्या माणसाने तुम्हाला आत घ्यावं ही अपेक्षाच निर्दय आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेने सरफेसीच्या कलम १४ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा असतो. तो न करता सांकेतिक ताब्यावरच घर विकलं की ती लढाई खरेदीदाराच्या गळ्यात पडते. विकायला बँक मोकळी, सोडवायला तू.

ही लढाई साधी नाही, हे भांडुपच्या आत्याबाईंवरून कळेल. २०१६ मध्ये मुंबईतल्याच घरांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या बळावर असंच बाहेर काढता येणार नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या निकालाने त्याला चाप लावला. तोंडी भाडेकरार सांगणाऱ्याने पुरावा द्यायला हवा. मग आत्याबाईंच्या पावत्या खऱ्या की मागाहून फाडलेल्या? ते ठरायला किती तारखा लागतील ते देव जाणे. तोवर जावई ठाण्याला भाडंही भरतोय आणि या घराचे हप्तेही. विजेच्या बिलाचंही तेच. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी नवीन जोडणी देताना आधीच्या मालकाची थकबाकी लिलावातल्या खरेदीदाराकडे मागू शकते. ‘जसे आहे जेथे आहे’ म्हणून घेतलंस ना, मग चौकशी करायची होतीस. निकालावर माझं भांडण नाही. पण एकीकडे कोर्ट खरेदीदाराला म्हणतं चौकशी कर, आणि दुसरीकडे ज्याच्याकडे उत्तर आहे तो म्हणतो माहीत नाही. मग चौकशी करायची ती कोणाकडे, ज्योतिषाकडे?

अर्थशास्त्रात कौटिल्याने घर विकायची रीत दिली आहे. घरासमोरच, शेजारच्या चाळीस कुटुंबांच्या देखत विक्री जाहीर करायची, हद्दी सांगायच्या, आणि ‘या किमतीला कोण घेतो’ असं तीनदा पुकारायचं. ते चाळीस शेजारी शोभेला बोलावलेले नसणार. भिंत कोणाची, पाणी कुठून जातं, घरावर उसने कोणाचे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांच्या डोळ्यांदेखत खोटं बोलायची सोय नाही आणि गप्प बसायचीही नाही. दवंडीच्या काळातही लिलावाचा पुकारा मालमत्तेजवळच व्हायचा. आज लिलाव पोर्टलवर होतो. पाटण्याचा माणूस भांडुपच्या घरावर बोली लावू शकतो आणि हे चांगलंच आहे, टोळक्यांची मक्तेदारी त्याने थोडी मोडली. पण लिलाव घराच्या दारातून उठून स्क्रीनवर गेला तेव्हा ते चाळीस शेजारी मागेच राहिले. त्यांच्या तोंडून जे आपोआप कळत होतं ते आता कोणीतरी मुद्दाम लिहून ठेवायला हवं. भांडुपच्या त्या इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, काचेच्या फळ्यावर थकबाकीदारांची यादी टाचणीने लावलेली आहे. पहिलंच नाव आधीच्या मालकाचं. दूधवाल्यापासून कुरियरवाल्यापर्यंत सगळ्यांनी ती वाचलेली. आणि आमच्या धंद्यात तिचं नाव ‘माहीत नाही’.

बँकवाल्यांचा तिसरा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण तो मी भोगलाय. जितकं जास्त सांगाल तितके खटले वाढतील. कर्ज थकवणाऱ्याला लिलाव रोखायला निमित्तच हवं असतं. नोटिशीत सोसायटीची थकबाकी ३ लाख ९० हजार लिहिली आणि निघाली ४ लाख १२ हजार, की त्याचा वकील कर्ज वसुली न्यायाधिकरणात हजर: नोटीस सदोष आहे, लिलाव रद्द करा. वर्षं जातात, आणि बुडणारा पैसा शेवटी ठेवीदारांचा असतो. सहकारी बँका बुडाल्यावर रांगेत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना ज्यांनी पाहिलंय ते हा मुद्दा हसण्यावारी नेणार नाहीत.

तरीही तो टिकत नाही. माहिती देणं आणि हमी देणं यांत फरक आहे, आणि तो फरक एका ओळीत लिहिता येतो: ‘सोसायटीच्या अमुक तारखेच्या पत्रानुसार’. बँक एवढंच म्हणते की आम्हाला असं कळवलं गेलं. चूक निघाली तर ती पत्राची. सद्हेतूने केलेल्या कामाला सरफेसी कायद्याच्या कलम ३२ चं संरक्षण आहेच. पत्र मागवून जसंच्या तसं छापण्याइतका सद्हेतू दुसरा कोणता? उलट आज जे खटले उभे राहतात त्यांतले किती मौनातून जन्मले ते न्यायाधिकरणाच्या बोर्डावर नजर टाकली तरी कळतं. फसलेला खरेदीदारही तिथेच येतो, आणि तो आला की थकबाकीदार त्याच्या मागून येतो.

मुंबईने हा वाद एकदा निकालात काढलेला आहे, हे आपण विसरलो. फ्लॅट ही चीज या शहरात नवी होती तेव्हा बांधणारा जे दाखवील ते घर आणि सांगील ती मालकी असा कारभार होता. १९६३ मध्ये राज्याने फ्लॅटच्या विक्रीसाठी मोफा कायदा केला. त्यात बिल्डरवर बंधन घातलं: जमिनीवरचा आपला हक्क आणि तिच्यावरचे सगळे भार, दोन्हींची पूर्ण आणि खरी माहिती द्यायची. ‘माहीत असलेले’ भार असं नाही म्हटलं. पुढे बिल्डरांवर देखरेख ठेवणारा रेरा कायदा आला; आज महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरला प्रकल्पावरचे खटले आणि बोजे जाहीर करावे लागतात. बांधकामं थांबली का? खिडकीतून बाहेर बघा, टॉवरमागचा आभाळाचा तुकडा शोधावा लागतो. ज्या शहरात बिल्डरसारख्या इरसाल विक्रेत्याला बोलतं करता आलं, तिथे परवाना घेतलेली, लेखापरीक्षण होणारी बँक मुकी राहू द्यायची?

आणि सावकाराला कागद उघडायला लावण्याची महाराष्ट्राची परंपरा तर त्याहून जुनी. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले तेव्हा त्यांचा रोख सावकारांच्या कर्जखतांवर आणि वह्यांवर होता. ते कागद मिळवून जाळायचे. कागदात काय आहे ते आपल्याला कळत नाही आणि तो कागदच आपली जमीन नेतो, हा त्यांचा राग. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात खत नोंदवायला गावपातळीवर निबंधक आले, आणि नुसत्या खतावर न थांबता व्यवहाराचा मागचा इतिहास उकरायची मुभा कोर्टाला मिळाली. कर्जदार आणि लिलावातला खरेदीदार एक नव्हेत हे मला कळतं. पण दुखणं एकच आहे. कागद एकाच्या कपाटात, आणि परिणाम दुसऱ्याच्या घरात.

खरेदीदाराने काय धोका पत्करायचा ते गेल्या काही वर्षांत फार काटेकोर झालंय, हेही कठड्यावर कोणी लक्षात घेत नाही. जावयाचाच हिशेब घ्या. बोली ८१ लाखांची. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी बयाण्यासकट २५ टक्के, म्हणजे २० लाख २५ हजार. विक्री कायम झाल्यावर पंधरा दिवसांत उरलेले ६० लाख ७५ हजार. मुदत वाढवून मिळू शकते, पण ती बँकेच्या मर्जीवर. सांकेतिक ताब्यातल्या घरावर पंधरा दिवसांत गृहकर्ज कोण मंजूर करतं? चुकलात तर भरलेले पैसे जप्त. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जप्ती पूर्णपणे उचलून धरली; बँकेचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं हा प्रश्नच नाही. त्याआधी २०२३ मध्ये ठरलं की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा गहाण सोडवून घ्यायचा हक्क संपला. लिलावाला पावित्र्य हवं, तो सहज उलटता कामा नये, ही यामागची भूमिका, आणि ती मला मान्य आहे. पण एका बाजूला शब्द पाळायला इतकं कडक बांधायचं तर दुसऱ्या बाजूने शब्द उच्चारायला तरी नको का? वीस लाख गमावण्याच्या भीतीने माणूस पैसे भरतो, आणि भरल्यावर त्याला कळतं की आत आत्या आहे.

ज्याचं घर गेलं त्या माणसाबद्दल दोन्ही पक्ष एक अक्षर बोलत नाहीत. तो दोघांच्याही लेखी संपला. पण मौनाचा सगळ्यात मोठा भुर्दंड त्यालाच बसतो. विक्रीतून कर्ज फिटून काही उरलं तर ते त्याचं असतं. कमी पडलं तर राहिलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा त्याच्याच मागे लागते. झाकलेल्या ताटावर बोली कमी येते, अनेकदा राखीव किमतीच्या जरा वर एकच. घाटकोपरच्या त्या फ्लॅटला दोनदा बोलीच आली नाही आणि आम्ही राखीव किंमत दोनदा उतरवली. थकबाकी छापली असती तर? एखादं कुटुंब हिशेब करून पुढे आलं असतं. शेवटी घर त्या नेहमीच्या चेहऱ्यांपैकी एकाने नेलं. त्याला थकबाकी ठाऊक होती. कर्जदाराच्या डोक्यावर सात लाखांच्या आसपास शिल्लक राहिली, आणि त्या वसुलीची फाईल पुन्हा माझ्याच टेबलावर आली.

सगळंच उघड करावं असंही माझं म्हणणं नाही. कर्ज का थकलं, मालकाचं दुकान बुडालं की बायको आजारी होती, हे खरेदीदाराचं कामच नाही. "त्या घरात काही वाईट तर नाही ना घडलं?" हा प्रश्न मला पाहणीच्या दिवशी कितीदा विचारला गेलाय, मी उत्तर देत नसे, आणि आजही देणार नाही. माणसाचं दुःख हा भार नव्हे. घराला चिकटणारी देणी, घरात राहणारी माणसं आणि ते काय हक्क सांगतात, चालू असलेले खटले, भोगवटा प्रमाणपत्र, इमारत धोकादायक ठरवणारी किंवा पुनर्विकासाची पालिकेची नोटीस, आणि ताबा कोणता. मी असतो तर एवढं सक्तीचं केलं असतं, आणि सोसायटीला व वीज कंपनीला लिहिलेली पत्रं नोटिशीआधी फायलीत असल्याशिवाय लिलावाला हात लावू दिला नसता. सोसायट्या उत्तर देत नाहीत म्हणतात. मग छापा, ‘पत्र पाठवले, उत्तर आले नाही’. तेही खरेदीदाराला पुष्कळ काही सांगतं.

गेल्या रविवारी जावयाबरोबर मीही भांडुपला गेलो. आत्याबाई सत्तरीच्या पुढच्या, सुती नऊवारी, हातात लसणाच्या पाकळ्या. त्यांनी आम्हाला बसवलं. भांडायला आलेला माणूस आणि त्याचा मामा म्हणून नाही, पाहुणे म्हणून. मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, "आत्या, तुम्ही इथे राहता हे यांना कोणी सांगितलंच नव्हतं." त्यांनी जावयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "बँकेचा माणूस दोनदा येऊन गेला की. माझं नाव, वय, सगळं लिहून नेलं. दुसऱ्यांदा तर बसून चहा घेतला त्याने."